मारेकऱ्याने स्वतः केलेला व्हिडिओ बातमीत दाखवावा का? कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बरीच वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. पत्रकारितेच्या वर्गात बोलायला गेलो की, नाहीतर बिंदू चौकात चहा घेताना कुणी ओळखलं की, एखाद्या खुनाच्या क्लिपवरून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे निरनिराळे असतात. पत्रकारितेची मुलं असतात, तालुक्याचे वार्ताहर असतात, तालमीच्या ग्रुपचे ॲडमिन असतात, आणि कधी ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय तेही असतात. या शेवटच्यांना तोंडी उत्तर देणं फार अवघड जातं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

मारेकऱ्याचं रेकॉर्डिंग म्हणजे नेमकं काय धरायचं?

गुन्ह्याच्या आधी, गुन्हा चालू असताना किंवा नंतर त्याने स्वतः, किंवा त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने, तयार केलेला व्हिडिओ, ऑडिओ, लाइव्ह, लांबलचक पत्र. चौकातल्या सीसीटीव्हीचं फुटेज किंवा वाटसरूने घाबरत काढलेली क्लिप यात येत नाही, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. सीसीटीव्हीला कुणाला काही सांगायचं नसतं. मारेकऱ्याने मात्र मोबाइल कुठे टेकवायचा, अंगावर काय घालायचं, कुठल्या वाक्याने सुरुवात करायची हे आधी ठरवलेलं असतं. बघणारे कोण असणार, हेसुद्धा त्याने ठरवलेलं असतं.

तुमचं मत आधी सांगा. दाखवावं की नाही?

दाखवू नये आणि ऐकवूही नये. त्यात कळण्यासारखं जे आहे ते आपल्या शब्दांत बातमीत लिहावं. असं रेकॉर्डिंग म्हणजे गुन्ह्याचाच एक भाग असतो. माणूस मारणं हे त्याचं अर्धं काम असतं. मारल्याचं जगाला दाखवणं हे उरलेलं अर्धं, आणि ते त्याला एकट्याला जमत नाही. त्यासाठी त्याला आपण लागतो. अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो. पण ते फार थोडे आहेत, आणि ‘हा अपवाद आहे’ असं सांगून जे दाखवलं जातं त्यातलं बहुतेक त्यात बसत नाही.

हा वाद एवढा मोठा कधी झाला?

१६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून मारलं. सकाळी पहिला हल्ला झाला आणि दुसरा काही तासांनी. मधल्या वेळात तो पोस्टात गेला आणि न्यूयॉर्कच्या एनबीसी या वाहिनीच्या नावाने एक पाकीट टाकून आला. आत त्याचे व्हिडिओ, बंदुका रोखलेले फोटो आणि लांबलचक लिखाण होतं. पाकीट १८ तारखेला पोहोचलं. एनबीसीने मूळ साहित्य तपास यंत्रणेच्या हवाली केलं, प्रती स्वतःकडे ठेवल्या आणि त्याच संध्याकाळच्या बातम्यांत त्यातले तुकडे दाखवले. फोटोंवर वाहिनीचं बोधचिन्ह होतं. इतर वाहिन्यांनी ते तसेच उचलले.

मृतांपैकी काहींचे नातेवाईक दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाहिनीच्या कार्यक्रमात बोलणार होते. त्यांनी येणं रद्द केलं. मग एनबीसीने जाहीर केलं की यापुढे हे साहित्य एकूण वेळेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त दाखवणार नाही. मला हा आकडा फार खटकतो. ज्या आईचा मुलगा वर्गात बसल्या जागी मारला गेला, तिने त्या १० टक्क्यांचं काय करायचं?

त्याच वेळी शेजारच्या कॅनडात सीबीसी या सार्वजनिक वाहिनीने तेच साहित्य न दाखवण्याचा निर्णय घेतला. कॅनडातल्या प्रेक्षकाला घटना पूर्ण कळली, मारेकऱ्याने पाकीट पाठवलं होतं हेही कळलं. मारेकरी फक्त त्याच्या समोर येऊन बोलला नाही. ‘पर्यायच नव्हता’ असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

ते अमेरिकेचं झालं. आपल्याकडे असं कुठे होतं?

होतं, आणि वाढतंय. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. हल्ला चालू असताना एका हिंदी वृत्तवाहिनीने आत दडलेल्या दहशतवाद्यांचे फोन थेट प्रक्षेपणात घेतले. ओलीस अजून आत होते, कमांडो जिने चढत होते आणि स्टुडिओतून मारेकऱ्याला ‘तुमच्या मागण्या काय’ असं विचारलं जात होतं. सीमेपलीकडचे सूत्रधार हीच दृश्यं बघून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले आणि माध्यमांवरचं नियंत्रण केवळ माध्यमांच्याच हाती असावं या युक्तिवादाला त्यामुळे मोठा धक्का बसला, असं म्हटलं. आमच्या धंद्याला इतकं लागणारं वाक्य दुसरं नसेल.

६ डिसेंबर २०१७ रोजी राजस्थानात राजसमंदला पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्याच्या एका मजुराचा खून झाला. मारणाऱ्याने ते आपल्या नात्यातल्या एका अल्पवयीन मुलाकडून चित्रित करून घेतलं आणि पसरवलं. त्यानंतर देशभरातून त्याच्या घरच्यांच्या खात्यात पैसे जमा झाले, पोलिसांना खातं गोठवावं लागलं. काही महिन्यांत जोधपूरच्या एका मिरवणुकीत त्याचा गौरव करणारा देखावा निघाला. पुढे २८ जून २०२२ रोजी उदयपूरला एका शिंप्याला दुकानात मारलं, तेही मारणाऱ्यांनी चित्रित केलं आणि नंतर हत्यारं दाखवत दुसरा व्हिडिओ टाकला. राजस्थान पोलिसांनी माध्यमांना तो दाखवू नका म्हणून सांगितलं, इंटरनेट बंद करावं लागलं.

या दोन घटनांतल्या मारेकऱ्यांचा आणि मेलेल्यांचा धर्म उलटसुलट आहे. पद्धत तीच. ज्यांना एका क्लिपबद्दल संताप येतो आणि दुसरी मात्र फॉरवर्ड करावीशी वाटते, त्यांनी जरा थांबून बघावं.

कोल्हापूरचा याच्याशी काय संबंध?

६ जून २०२३ आठवा. काही तरुणांनी ठेवलेल्या स्टेटसवरून इथे तणाव पसरला. दुसऱ्या दिवशी बंद, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, दुकानांचं नुकसान, इंटरनेट बंद. ते स्टेटस खुनाचं नव्हतं, कुणी मेलेलं नव्हतं. एका मोबाइलवरच्या काही सेकंदांनी राजर्षी शाहूंच्या गावाची ही अवस्था केली, तर खऱ्या खुनाचा आणि मारेकऱ्याच्या तोंडच्या चिथावणीचा व्हिडिओ इथल्या स्क्रीनवर दिवसभर फिरला तर काय होईल याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

दुसरी आठवण उलट बाजूची आहे. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून परतताना कम्युनिस्ट नेते गोविंदराव पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर सागरमाळ भागात गोळ्या झाडल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. मारणाऱ्यांचा कुठलाही व्हिडिओ आला नाही. पुढचे कित्येक दिवस गावात, सभांत, वर्तमानपत्रांत बोललं गेलं ते पानसऱ्यांचं म्हणणं. लोक दर महिन्याच्या २० तारखेला ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ला निघू लागले. आरोपींची नावं आज किती कोल्हापूरकरांना सांगता येतील? त्या आठवड्यात मारेकऱ्यांचं भाषण वाहिन्यांवर वाजलं असतं, तर गाव त्या भाषणाला उत्तरं देत बसलं असतं.

लोकांना जाणून घ्यायचा हक्क नाही का?

आहे, पूर्ण आहे. माहिती दडवा असं मी म्हणतच नाही. डेस्कवर आम्ही हे कसं करतो ते दाखवतो, म्हणजे फरक कळेल.

समजा रात्री पान सोडायच्या वेळेला तालुका वार्ताहराकडून क्लिप आली. आधी ती एकाच माणसाने बघायची, आवाज हेडफोनवर. सगळ्या डेस्कने भोवती जमायचं नाही. मग पोलिसांकडून खात्री करायची की ती खरी आहे आणि याच गुन्ह्याची आहे, कारण जुनी, परराज्यातली क्लिप आपल्या गावाच्या नावावर खपवणं फार सोपं आहे. मग बातमीत वाक्य येतं ते असं: ‘घटनेपूर्वी संशयिताने चार मिनिटांचा व्हिडिओ तयार केला होता. जमिनीच्या वादातून आपण हे करत असल्याचं त्याने त्यात म्हटलं आहे. मात्र त्याने केलेल्या आरोपांना दुजोरा देणारी कोणतीही कागदपत्रं पोलिसांना मिळालेली नाहीत.’

वाचकाला यातून व्हिडिओ आहे हे कळलं, त्यातला दावा कळला, दाव्याची किंमतही कळली. मारेकऱ्याचा व्हिडिओ जसाच्या तसा लावला की हे शेवटचं वाक्य कुणी ऐकतच नाही. तो मेलेल्या माणसाबद्दल हवं ते बोलतो, आणि मेलेला माणूस खुलासा करायला येऊ शकत नाही. ‘त्याचं माझ्या बायकोशी होतं’ एवढं एक वाक्य वाहिनीवर वाजलं की गेलेल्याची आणि त्या बाईची गावात कायमची बदनामी होते. आपल्याकडच्या खुनांत हा प्रकार सर्रास घडतो, आणि व्हर्जिनियापेक्षा मला त्याची काळजी जास्त आहे.

छापल्यामुळे गुन्हेगार सापडला, असंही झालंय ना?

झालंय, आणि तो खरा अपवाद आहे. अमेरिकेत ‘युनाबॉम्बर’ १९७८ पासून टपालाने बॉम्ब पाठवत होता. तिघं मेले, २३ जखमी झाले. १९९५ मध्ये त्याने मागणी केली की माझा ३५,००० शब्दांचा जाहीरनामा छापा, म्हणजे मारणं थांबवतो. तपास यंत्रणांशी बोलून १९ सप्टेंबर १९९५ ला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तो छापला, खर्चात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ सहभागी होता. लिखाणाची धाटणी ओळखीची वाटून त्याच्या सख्ख्या भावाने तपास यंत्रणेकडे संपर्क साधला आणि एप्रिल १९९६ मध्ये अटक झाली.

हे उदाहरण नीट वाचलं तर दिसतं की गुन्हेगार मोकळा होता, कोण आहे ते माहीत नव्हतं, आणखी जीव जाणार होते आणि तपास करणाऱ्यांनीच छापण्याचा सल्ला दिला होता. आपल्या वाहिन्यांवर दिसणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत आरोपी तोवर कोठडीत असतो, नाहीतर मेलेला असतो. शोधायचं कुणाला?

चेहरा झाकून, रक्त धूसर करून, बीप लावून दाखवलं तर चालेल का?

त्याने बघणाऱ्याचा त्रास थोडा कमी होतो, मारेकऱ्याचं काम मात्र होतंच. गंमत अशी चालते की रक्त धूसर करतात आणि त्याचं भाषण स्वच्छ ऐकू येतं. वर ते आठ-दहा सेकंद लूपवर लावायचे, खाली लाल पट्टी, मागे धडधडणारं संगीत. मूळ व्हिडिओपेक्षा हे जास्त परिणामकारक होतं. दाखवायचंच असेल तर तपासाला लागणारी एक स्थिर चौकट, एकदा, आवाजाशिवाय. संशयित फरार असेल तर ओळखीसाठी चेहऱ्याचा फोटो द्यावा, पण तोही पोलिसांना विचारून. ओळख परेड व्हायच्या आधी चेहरा घराघरांत पोहोचला तर बचावाचा वकील पहिल्यांदा तेच काढतो की साक्षीदाराने टीव्हीवर बघून ओळखलं.

बघून कुणी तसंच करतं, हे खरंच सिद्ध झालंय का?

आत्महत्यांच्या बातम्यांबाबत पुरावा सर्वांत भक्कम आहे. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत १९८० च्या दशकात आत्महत्या वाढल्या, त्यांच्या बातम्या रंगवून येत. १९८७ मध्ये पत्रकारांसाठी सूचना तयार झाल्या, बातम्यांची धाटणी बदलली आणि आत्महत्या लक्षणीय घटल्या. आपल्याकडे भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवर बेतलेल्या सूचना स्वीकारल्या.

सामूहिक हत्यांबाबत अमेरिकेतल्या आकडेवारीवर २०१५ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात अभ्यास आला. अशा एका घटनेनंतर दुसरी घडण्याची शक्यता सरासरी १३ दिवस वाढलेली राहते, असं त्यात निघालं. हे आकडे तिथले आहेत, बंदुका घरोघरी असलेल्या देशातले, ते जसेच्या तसे इथे लावू नयेत. पण मारेकऱ्यांनी स्वतःच सांगितलंय त्याचं काय? २०२२ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बफेलो शहरात १० जणांना मारणाऱ्याने न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या मारेकऱ्याचा दाखला दिला होता आणि त्याच्यासारखंच थेट प्रक्षेपणही केलं. प्रक्षेपण करणाऱ्या मंचाने ते दोन मिनिटांच्या आत बंद केलं. तेवढ्यात कुणीतरी उतरवून घेतलेलं होतं.

न्यूझीलंडने वेगळं काय केलं?

मला सर्वांत शिकण्यासारखं हेच वाटतं. १५ मार्च २०१९ ला ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली, मारेकऱ्याने फेसबुकवर १७ मिनिटं थेट दाखवली. लाइव्ह बघणारे २०० सुद्धा नव्हते. पण पुढच्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या किंवा अडवाव्या लागल्या.

पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की मी त्याचं नाव कधीच घेणार नाही. सरकारी परीक्षकाने व्हिडिओ आक्षेपार्ह ठरवला, त्यामुळे तो जवळ बाळगणं आणि वाटणं गुन्हा झाला. आणि पाच मोठ्या वृत्तसंस्था, एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या, खटल्याच्या बातम्या कशा द्यायच्या याच्या लेखी नियमांवर सह्या करून मोकळ्या झाल्या. त्याच्या विचारसरणीचा प्रचार होईल अशी विधानं, खुणा, हातवारे दाखवायचे नाहीत, जाहीरनामा उद्धृत करायचा नाही. खटला मात्र सविस्तर द्यायचा.

ऑगस्ट २०२० मध्ये शिक्षा सुनावली गेली. त्याआधी जखमी आणि मृतांचे नातेवाईक मिळून नव्वदहून अधिक जण न्यायालयात उभे राहून, किंवा लिहून दिलेल्या निवेदनातून, बोलले. मारेकऱ्याने बोलायचं नाकारलं. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या दिवशी पानंच्या पानं आली ती या माणसांच्या बोलण्याची. कुणाची बातमी दडली असं कुणाला वाटलं नाही.

कोल्हापुरातल्या संपादकांनी, वाहिन्यांच्या ब्युरोंनी आणि यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांनी असं एक पान लिहून त्यावर सह्या करायला काय हरकत आहे? पुढचा प्रसंग यायच्या आधी व्हायला हवं. प्रसंग आल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही.

तुरुंगातल्या गुन्हेगाराची मुलाखत घेणं वेगळं नाही का?

वेगळं असू शकतं. पत्रकार प्रश्न विचारतो, खोटं असेल तिथे अडवतो, मुलाखत किती दाखवायची हे तो ठरवतो. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या एका दोषीची तुरुंगात घेतलेली मुलाखत बीबीसीच्या माहितीपटात होती. मार्च २०१५ मध्ये भारतात तिच्या प्रसारणावर बंदी आली, एनडीटीव्हीने त्या वेळेत पडद्यावर नुसता दिवा दाखवला. बंदी मला पटली नाही, कारण बाईलाच दोषी धरणारी ती वृत्ती त्या माणसापुरती नव्हती, त्याचे वकीलही कॅमेऱ्यासमोर तेच बोलत होते, आणि हे समाजाला दिसायला हवं होतं. पण अपील सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होतं, हा आक्षेप मी हलका मानत नाही. निकाल लागेपर्यंत थांबता आलं असतं.

मार्च २०२३ मध्ये एका राष्ट्रीय वाहिनीने कोठडीतल्या टोळीप्रमुखाच्या मुलाखती दाखवल्या ते याच्या जवळपासही जात नाही. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अशाने गुन्हेगारीचं उदात्तीकरण होतं असं म्हटलं. एक मुलाखत तर तो पोलिसांच्याच ताब्यात असताना झाल्याचं चौकशीत निघालं आणि अधिकारी निलंबित झाले. आज आपल्या गल्लीतली पोरं ‘भाई’ची वाक्यं लावून रील करतात, ती वाक्यं त्यांच्याकडे कुठून आली याचा शोध घेतला तर बऱ्याचदा बातम्यांपाशीच येऊन थांबावं लागतं.

व्हिडिओत आरोपी कबुलीच देतो. मग दाखवायला काय हरकत?

कबुली आहे की नाही, ती खरी की दबावाखालची, हे न्यायालय ठरवतं. पोलिसांपुढची कबुली तर आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. कर्नाटकातल्या एका खून खटल्यात आरोपींच्या जबाबाची डीव्हीडी वाहिनीवर दाखवली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यावर स्पष्ट सांगितलं की अशा पुराव्याची चर्चा न्यायालयात व्हायची, टीव्हीवर नव्हे. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२१ मध्ये माध्यमांच्या समांतर खटल्यांवर असंच बजावलं आहे.

व्हिडिओ पुरावा म्हणून मोलाचा असतो, पण मूळ उपकरणासकट. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रासह तो दाखल करावा लागतो. दहा ग्रुपवरून फिरून, कापून, वर संगीत लावून आलेल्या प्रतीला ती किंमत राहत नाही.

कायद्याने बंदी आहे का?

सरसकट नाही. केबल टेलिव्हिजनच्या कार्यक्रम संहितेत हिंसेला चिथावणी देईल असं काही दाखवायला मनाई आहे. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण २०१५ पासून बंद आहे, ठरलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच द्यायची. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये रक्त, मृतदेह, मारहाण अशी दृश्यं दाखवण्याबद्दल आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींना व्यासपीठ न देण्याबद्दल वाहिन्यांना सूचना काढली. बाकी सगळं संपादकाच्या विवेकावर सोडलेलं आहे, आणि ते तिथेच राहावं असं मला वाटतं. सरकारने यादी करायला घेतली की त्या यादीत पोलिसांच्या चुका दाखवणारे व्हिडिओही येऊन बसतील.

तक्रार कुठे करायची?

वाहिनीबद्दल असेल तर आधी वाहिनीलाच लेखी, तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचं नाव घालून. सात दिवसांच्या आत केली तर उत्तम. २०२१ च्या नियमांप्रमाणे वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वयंनियामक मंडळाची सदस्य आहे तिथे अपील. त्यानंतर मंत्रालय. वर्तमानपत्राबद्दल आधी संपादकाला आणि मग प्रेस परिषदेला. नुसती फेसबुकवर शिवीगाळ करून काही होत नाही, यंत्रणा हलते ती लेखी कागदाने.

आम्ही नाही दाखवलं तरी मोबाइलवर सगळ्यांकडे आहेच. मग आमचंच काय अडलंय?

वार्ताहर हा प्रश्न विचारतात तेव्हा मला त्यांची अडचण कळते. वरून फोन येतो, शेजारच्याने लावलंय, आपल्याकडे का नाही. तरी उत्तर बदलत नाही. मोबाइलवर ती क्लिप ‘कुणीतरी पाठवलेली’ असते. वाहिनीवर आली की ती बातमी होते, तिच्यावर चर्चा होते, तिला दोन बाजू फुटतात आणि मारेकरी त्यातला एक पक्ष होऊन बसतो. शिवाय ज्यांनी मोबाइलवर उघडायची नाही असं ठरवलं होतं, त्यांच्याही समोर ती येते. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, हॉटेलात, एसटी स्टँडवर टीव्ही चालू असतो आणि तो बंद करायचा रिमोट तुमच्या हातात नसतो. मेलेल्याच्या बहिणीने अशा ठिकाणी मान वर करून बघितलं तर काय, एवढाच विचार मी करायला सांगतो.

मग मारेकऱ्याचं नावच घ्यायचं नाही का? या पानावर एकही नाव नाही.

नाव द्यावं, गरजेपुरतं. अटक, आरोपपत्र, निकाल या बातम्या नावाशिवाय होत नाहीत, आणि नाव न दिल्याने अफवांना मोकळं रान मिळून भलताच माणूस अडकतो. हेडिंगमध्ये, फोटोखाली, रोजच्या रोज त्याची गरज नसते. अमेरिकेत २०१२ च्या ऑरोरा चित्रपटगृहातल्या हत्याकांडात मुलगा गमावलेल्या आई-वडिलांनी ‘नो नोटोरायटी’ ही मोहीम सुरू केली, तिचं सांगणं साधारण हेच आहे. इथे मला नावांची गरज पडली नाही, म्हणून दिली नाहीत.

तालमीच्या किंवा मंडळाच्या ग्रुपवर अशी क्लिप आली तर ॲडमिनने काय करायचं?

लगेच सगळ्यांसाठी डिलीट करायची, आणि टाकणाऱ्याला ग्रुपवर न झापता फोन करून सांगायचं. बहुतेक जण वाईट हेतूने टाकत नाहीत, घाबरून टाकतात. क्लिप घडलेल्या गुन्ह्याची ताजी वाटत असेल, किंवा मारेकऱ्यानेच थेट तुम्हाला पाठवली असेल, तर मात्र ती पुसू नका. ११२ वर कळवा आणि मोबाइल पोलिसांना दाखवा, तो पुरावा आहे. व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद करून ठेवा, कारण घरातला मोबाइल पोरांच्या हातात असतो आणि गॅलरी उघडली की पहिल्यांदा तेच दिसतं.

आणि गेलेल्या माणसाच्या घरचेच ‘दाखवा’ म्हणाले तर?

हा सर्वांत जड प्रश्न आहे. असं म्हणणाऱ्या घराला बहुतेकदा भीती असते की प्रकरण दाबलं जाईल. समोरचा पैशाचा, पुढाऱ्याच्या जवळचा असतो, आणि व्हिडिओ हीच काय ती त्यांच्याकडची ताकद असते. त्यांना ‘नीतिमत्तेत बसत नाही’ म्हणून हात जोडून वाटेला लावणं मला जमत नाही.

मी त्यांना सांगतो की व्हिडिओ ज्या मोबाइलवर आला तो मोबाइल वकिलासोबत पोलिस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. फिर्याद घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलिस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. आणि पोलिस फिर्याद घेत नाहीत ही बातमी आम्ही छापतो, ठाण्याचं नाव घालून, व्हिडिओ आमच्या हाती आहे आणि आम्ही तो पाहिला आहे असं लिहून. ती बातमी व्हिडिओपेक्षा जास्त बोचते, कारण तिच्यात उत्तर द्यायची जबाबदारी पोलिसांवर येते.

एवढं करूनही घर हट्टाला पेटलं तर मी एकच विचारतो की घरातल्या सगळ्यांना हे मान्य आहे का. थोरला भाऊ हो म्हणत असतो. बायको आत असते, आई आत असते, शाळेत जाणारी मुलगी असते. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. मी आत जाऊन विचारायला सांगतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो.